आवाज न करणारा डबा

— नाही नाही नाही, काच नको. काच दाखवूच नकोस मला. अरे सम्यक — सम्यकच ना, मघाशी तुझ्या माणसाने आतून हाक मारली — मी आल्या आल्या तुला काय म्हटलं? कॉम्प्युटरचं खोकं हवंय. आतला माल आहे घरी, नुसतं खोकं, तुम्ही लोक कॅबिनेट म्हणता ते, आणि ते आवाज न करणारं हवंय. एवढं स्वच्छ मराठीत सांगितलं आणि तू काढून काय ठेवतोस समोर? माशांची पेटी! तिन्ही बाजूंनी काच, आत निळा जांभळा हिरवा उजेड, तोही स्थिर नाही, पळतोय. यात माणसाने काम करायचं की मंडप घालायचा? लाइट बंद करता येतात? मग लावता कशाला? नाही, मला खरंच सांग, आधी लावायचे, त्याचे पैसे घ्यायचे, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचं बंद करता येतात. मी सबंध नौपाडा फिरून आलोय सकाळपासून. सगळीकडे हेच. एका दुकानात तर खोक्याच्या आत बाहुली उभी केलेली, जपानी, तोकड्या झग्यातली. शी! मी त्याला विचारलं, ही काय हवा घालते का आत? तर म्हणतो, अंकल, लूक आहे. लूक! मला ऐकायचं नाहीये ते आणि हे लोक मला बघायला लावतायत.

हे बाजूला कर आधी. हां. आता बस, आणि नीट ऐक, कारण मी काही रोजरोज येणार नाही. मी राहतो कळव्याला. हॉल, बेडरूम, किचन — बेडरूम सुदेशला दिली त्याचं लग्न झालं तेव्हा, सुदेश म्हणजे माझा मुलगा, एकुलता एक — आणि मी हॉलमध्ये. खिडकीखाली माझी खाट. खाटेला लागून भिंत, भिंतीला लागून याचं टेबल, आणि टेबलाखाली तो डबा. म्हणजे माझी उशी इथे, आणि डबा — हा तुझा काउंटर धर — इथे. कानात. सुदेश लग्नांच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. योगिनी, सूनबाई, ती अल्बम बनवते. धंदा चांगला आहे, नाही म्हणणार नाही, लोकांना लग्नं करायची हौस दांडगी. पण काय ती लग्नं! मी पडल्या पडल्या बघतो ना स्क्रीनवर. हळदीला काळे चष्मे. नवरी रडते ती दोनदा — एकदा खरी, एकदा कॅमेऱ्यासाठी. भटजींना थांबवून ठेवतात, वरून ते ड्रोन येईपर्यंत. आणि हे सगळं तो पठ्ठ्या सावकाश करतो, स्लो मोशन, फूल पडतंय तर पडतच राहतं — आणि फूल जितकं सावकाश पडतं तितका खाली तो डबा बोंबलतो. ऊंऽऽऽ. मिक्सर कसा, कर्कश असला तरी मिरची बारीक झाली की बंद होतो. हा होत नाही. मध्येच खाली येतो, तुला वाटतं थांबला, डोळा लागतो, की पुन्हा चढतो. मुद्दाम केल्यासारखा.

वय झालं म्हणून नाही रे. हे सगळे असंच म्हणतात, योगिनी पण म्हणते, बाबांना हल्ली आवाज सहन होत नाही. अरे मी कंपनीत पत्र्याच्या शेडखाली नोकरी केली आख्खा जन्म, प्रेस मशीन धडाधड चालायची शेजारी, तिथे मी डबा खाऊन बाकड्यावर गाढ झोपायचो! पण ते मशीन काहीतरी सांगत होतं, ताल होता त्याला. हे नुसतं कण्हतं. माझं काय म्हणणं, कण्हायचं असेल तर कारण सांग.

म्हणून मी ठरवून आलोय, मला बंद डबा दे. जाड पत्र्याचा. आतून तो फोम लावलेला असतो ना, काळा, स्टुडिओत भिंतीला असतो तसा, सुदेशकडेच बघितलाय मी — तसा सगळीकडून फोम, पुढून बंद, वरून बंद, मागून पण जमलं तर बंद. आवाज आतल्या आत मेला पाहिजे. काय? तापेल? तापू दे की. किती तापेल? ... नाही, बंद पडेल हे मला माहीत आहे. मला माहीत आहे म्हणजे — काय सांगत होतो मी — म्हणजे ऐकलंय असं. लोक सांगतात. गरम झालं की बंद पडतं. गरम झालं की पंखे उलट जास्त जोरात फिरतात, हो ना? तेही माहीत आहे. कोणी सांगितलं? अरे तुला काय करायचंय कोणी सांगितलं, तू दुकानदार की फौजदार?

बरं, सांगतो. घातलेली मी गोधडी. झालं समाधान? हसू नकोस. दुपारी जेवण झालं की मला जरा आडवं व्हायला लागतं, ती सवय काही आजची नाही, आणि ते दोघं गेलेले अंबरनाथला शूटिंगला. जाताना हा मशीनवर काहीतरी लावून गेलेला, रेंडर का काय, म्हणजे आपण नसलो तरी ते आपलं चालू राहतं. चालू राहतं म्हणजे काय — कोकलतंय! घरात मी एकटा आणि ते कोकलतंय. आता पोर किरकिर करायला लागलं की आपण काय करतो? पांघरूण घालतो. तशी गोधडी घातली. गावची, जाड, सगळीकडून नीट खोचून. आणि सम्यक, तुला सांगतो, आवाज गेला! एवढं बरं वाटलं. काय साधी गोष्ट, आणि कोणाला सुचू नये. मी झोपलो. उठलो तो वासाने. इस्त्री विसरल्यावर येतो ना, तसा वास, आणि गोधडीखाली हात घालवेना. डबा मेलेला.

ते लग्न होतं कोणाचंतरी डोंबिवलीचं, त्याच संध्याकाळी रिसेप्शनला पडद्यावर दाखवायची होती फिल्म. नाही दाखवता आली. पार्टी घरी येऊन बोलून गेली सुदेशला, जिना चढून वर येऊन, आजूबाजूची दारं उघडलेली. मग मेकॅनिक आणला, त्याने खोलून बघितलं तर एक काहीतरी कार्ड गेलेलं, आणि आत तांदूळ. हो, तांदूळ! कुंकू लावलेले. वर जाळी आहे ना त्या डब्याला, आणि योगिनी दर दसऱ्याला त्याची पूजा करते, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि वरून अक्षता — त्या सगळ्या जाळीतून आत पंख्यावर. म्हणजे तो अर्धा आवाज तिच्या अक्षतांचा होता! मी म्हटलं सुदेशला, बघ, मी एकटा नाही. पण सूनबाईंची ती भक्ती आणि माझा तो मूर्खपणा. असं तो बोलला नाही, पण चेहरा होता ना समोर. मेकॅनिक पण हसला. मला राग आला. मला राग आला की मी — ही, सुदेशची आई, म्हणायची, तुम्ही आधी बोलता आणि मग त्या बोलण्यामागे चालत जाता. मी सगळ्यांदेखत बोललो, त्या मेकॅनिकदेखत, की आता या घरात एक तर हा डबा राहील नाही तर मी.

... काय म्हणाला म्हणजे? काही नाही म्हणाला. तेच तर. काहीतरी म्हणायला नको? आरडाओरडा कर, बाप आहे तुझा, म्हण की बाबा काहीतरी काय बोलता. नाही. गप्प. मग मीही गप्प. धरला अबोला.

आता तुमच्या पिढीला अबोला म्हणजे काय ते कळायचं नाही, तुम्ही लोक ब्लॉक करता. अबोला वेगळा. अबोल्याला मध्ये माणूस लागतं. ही होती तेव्हा काय व्हायचं, मी रुसलो की ही मध्ये — त्याला म्हणायची, तुझ्या बाबांना विचार चहा घेणार का, मला म्हणायची, त्याला सांगा रात्री लवकर ये. सगळं ऐकू यायचं दोघांनाही, पण हिच्यातून यायचं. मग दोन दिवसांनी कधीतरी हीच काहीतरी असं वाढायची ताटात की बोलावंच लागायचं. सुटायचा. कोणी माघार घेतली असं दिसायचं नाही. आता ही नाही. मध्ये कोण? योगिनी? ती हेडफोन लावून बसते, चांगली आहे पोरगी, पण तिला वाटतं बाबा शांत बसलेत म्हणजे बरे आहेत.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी हा येऊन बसला माझ्या खाटेवर. म्हणतो, बाबा, खडवलीची खोली रिकामीच आहे. घेऊन ठेवलीय त्याने तिकडे एक, नवी बिल्डिंग, स्टेशनपासून जवळ, नदी आहे. म्हणतो, हवा छान आहे, तुम्हाला शांत वाटेल, आम्ही दर रविवारी येऊ. तुम्ही म्हणालात ते बरोबरच आहे, या आवाजात तुम्हाला ठेवणं बरोबर नाही. इतकं गोड बोलला की अंगावर काटा आला माझ्या. आता मी काय करायचं? माझा अबोला चालू. बोलायचंच नाही तर हो कसं म्हणणार आणि नाही तरी कसं? मी पेपरचं पान उलटलं. त्याने तो होकार धरला. पान उलटलं तो होकार! शिकलासवरलेला मुलगा, आणि बापाला ओळखत नाही.

म्हणून हे खोकं. कळलं तुला आता? माझा शब्द मी मागे घ्यायचा नाही, ते माझ्याने होत नाही, सरळ सांगतो. पण डबा जर आवाजच करेनासा झाला, तर भांडण कशाचं राहिलं? मी काही बोलायलाच नको. खोकं बदलायचं, त्याने बघायचं, योगिनीने बघायचं, संध्याकाळी चहा माझ्यासमोर यायचा आणि खडवलीचा विषय संपला. मी जिथे आहे तिथे. खिडकीखाली. त्यांना सांगून नाही आलोय, बँकेत जातो असं कपाटाकडे बघून बोललो आणि निघालो.

मग दाखव आता नीट. बंद नको म्हणतोस तर बंद नको, तुझं ऐकतो. हा? हा कसला? हा बरा दिसतो. काळा, मुकाट, कपाटासारखा. उजेड नाही ना आत? नक्की? पण पुढे ही सगळी जाळीच आहे की रे! जाळीतून आवाज बाहेर नाही येणार? ... हं. ... हं. म्हणजे हवा मोकळी आत गेली की पंख्याला धावावं लागत नाही. आणि पंखे मोठे, म्हणून सावकाश फिरले तरी पुरतं. हे बरोबर वाटतं. दम लागलेला माणूसच आवाज करतो, पोटभर श्वास मिळाला तर कशाला करेल. आणि ही खालची धुळीची जाळी निघते? धुवायची? नळाखाली? बघ, हे कोणी सांगत नाही. आणि वर काही ठेवायचं नाही — नाही रे बाबा, गोधडीचं नाव काढू नकोस आता. अक्षता पण नाही, ते मी योगिनीला — ते कोणीतरी सांगेल योगिनीला.

लाव बघू चालू. तुझ्या सामानावर लाव, मला ऐकायचंय. तोंडाने सगळेच सांगतात. ... लाव ना. ... अरे कधी लावतोस? काय? चालू आहे? कधीपासून? थांब, ते तुझ्या छतावरच्या पंख्याचं बटण बंद कर. आता सगळे गप्प बसा जरा. ... बाप रे. हात लावून बघू? मागे वारा येतोय. बघ, तळव्याला लागतोय, कोमट. चालू आहे रे हा! सम्यक, चालू आहे आणि — याच्या शेजारी तर मी झोपेन. याच्या शेजारी मी बसून जेवेन. देवाची शपथ, पहिली धड वस्तू बघितली आज. हाच दे. बांध.

आता आणखी काय? मदरबोर्ड केवढा आहे म्हणजे? मला काय माहीत? हिरवा असेल. मोठा असला तर यात बसणार नाही? आणि कार्डाची लांबी पण? नाही रे, मी खोललेला नाही तो, मी फक्त झाकलेला. अंदाजाने दे. खोलल्यावर परत घेत नाही? हे बरंय तुमचं! नाही, घरी फोन नाही करता येणार. का म्हणजे, आत्ताच एवढं सांगितलं ना, आम्ही बोलत नाही! ... तू करतोस? तू कर. हे जमेल. तू कर, तू मध्ये आहेस तर हरकत नाही. हा घे नंबर, हा बघ, सुदेश. सांग सरळ, तुमचे वडील आलेत दुकानात, कॅबिनेट बघतायत, बोर्ड कुठला आहे. बस. मी इथे नाही असं समज. आणि स्पीकरवर टाक, मला ऐकू दे.

... आवाज बघ कसा बसलाय त्याचा. जागरणं. ... बोल ना, बोर्डाचं विचार. ... काय म्हणाला? नको म्हणाला? कॅबिनेट नको? विचार का नको. विचार त्याला. ... टेबल. कसलं टेबल? लांब टेबल, दोन मशीनचं. योगिनीलाही वेगळं मशीन घेतोय. बरं, घे. पण बसणार कुठे तुझं लांब टेबल? ... ऐकलंस? ऐकलंस तू सम्यक? खाट निघाली की खिडकीखाली. रविवारी. टेम्पो सांगून ठेवलाय रविवारचा. कोणाला सांगितलाय? मला नाही सांगितला! आणि काय म्हणतो बघ, बाबांच्याच मनासारखं करतोय. मनासारखं! माझं मन याने कुठे बघितलं, कपाटात?

दे इकडे. दे तो फोन. खड्ड्यात गेला अबोला, आज सांगतोच त्याला. खाट हलणार नाही म्हणजे नाही. सरळ सांगतो, घर माझं आहे, तुझं टेबल ने हवं तर खडवलीला. ते स्पीकरचं बंद कर आणि दे.

हॅलो. — मी. — हो, मीच बोलतोय, दुसरं कोण? — हं. — अरे हो, बोललो, बोललो, त्यात एवढं काय. — रडतोयस काय? — नाही ना? बरं. — हं. — योगिनीला सांगतोस सांग. — हं. — नाही, थांब. आधी माझं ऐक. ऐक जरा. तू तो टेम्पो... तू टेम्पो केवढा सांगितलायस? — मोठा? मोठा कशाला रे? माझं आहे काय एवढं? खाट दुमडते ती, आणि एक ट्रंक. छोटा हत्ती सांग, पुरे होतो. — हो. — आणि सकाळी सांग, उन्हाचं नको. — हो. जेवलो. ठेवतो.

घे. घे तुझा फोन. ... असा काय बघतोस माझ्याकडे? तेच सांगायचं होतं रे! तेच सांगायला घेतलेला फोन. तोंड उघडलं आणि टेम्पो निघाला. तो नुसता बाबा बाबा करत होता, बाबा तुम्ही बोललात, योगिनी अगं बाबा बोलले — एवढा खूश, लहान असताना सायकल आणलेली तेव्हा झालेला तसा. त्या आनंदात त्याला नाही कसं म्हणू? तू म्हणाला असतास? ... परत नाही करायचा फोन. नाही म्हटलं ना. हात नको लावूस त्या फोनला.

आणि हे खोकं उचल इथून. नको मला, मी काय करू त्याचं, माझ्याकडे कॉम्प्युटर कुठे आहे? फुकट वेळ घालवलास सकाळपासून माझा. छत्री कुठे ठेवली मी? ही काय. नको, रिक्षा मी बघतो, म्हातारा झालेलो नाही मी. गिऱ्हाईक आलंय दारात. जा, त्याला बघ.